ओव्हाळ मॅडमची सोबत

बिबवेवाडीत कुणाही बाईला विचारा, गाडी कुठे शिकलात, तर दहांतल्या सात जणी एकच नाव घेतील. ओव्हाळ मॅडम! संघमित्रा मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी, एकोणीस वर्षं. चंद्रभागा ओव्हाळच्या हाताखालून बाराशे बायका लायसन्स घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांतल्या एकीनेही आजवर कुणाला धडक दिलेली नाही, असं ती स्वतःच सांगायची. आता बाराशे बायकांच्या बंपरवर पाळत कोण ठेवणार? पण सांगायची ती अशा थाटात, की समोरच्याची उलट विचारायची टाप नसे.

अशा या बाईचं लायसन्स सरकारने तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. का, तर गाडी चालवताना मोबाईल कानाला लावला. हसू नका. निदान सगळं ऐकून घ्या, मग हसा.

चंद्रभागाची एक पद्धत होती, आणि तिला तिने नाव दिलं होतं ‘सोबत’. लायसन्स हातात पडलं की त्या बाईने स्वतःची गाडी पहिल्यांदा एकटीने रस्त्यावर काढायची. त्या दिवशी मॅडम शाळेची गाडी घेऊन पुढे, बाई आपल्या गाडीत मागे, आणि दोघींचे फोन स्पीकरवर चालू. ‘आता तिसरा टाका. डावीकडून रिक्षा घुसतेय, घुसू दे तिला. घाबरायचं नाही, मी आहे.’ असं बोलत बोलत ती त्या बाईला घरापासून मुक्कामापर्यंत न्यायची. याचे पैसे ती घेत नसे. दुसऱ्या कुठल्याही शाळेत ही सोय नव्हती, आणि तिचं नाव झालं ते खरं तर या सोबतीमुळेच.

बरं, गाडीत फोन हातात दिसला तर खाली उतरवीन, हा दम हीच बाई पहिल्या दिवशी प्रत्येकीला द्यायची! पण सोबतीचा फोन म्हणजे फोन नव्हे, ते शिकवणं आहे, अशी तिने स्वतःची समजूत करून घेतली होती. हुशार माणसं स्वतःची समजूत फार लवकर घालतात.

गेल्या नोव्हेंबरात पाळी आली पद्मजाताई खांबेट्यांची. राहायला सदाशिव पेठेत, वय त्रेसष्ट, मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त. घरची गाडी आजवर यजमान चालवायचे, दिगंबरराव. त्यांना काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. पद्मजाताईंची थोरली बहीण कात्रजला राहते, वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिच्यापाशी दिवसभर एक बाई असते, पण तिला हवा असतो धाकटीच्या हातचा डबा आणि धाकटीशी घातलेला वाद. आठवड्यातून दोनदा तिकडे जायचं तर दोन बस, आणि गुडघे बसची पायरी चढू देईनात. म्हणून पद्मजाताई त्या वयात शिकायला आल्या, आणि शिकल्याही. आरटीओच्या परीक्षेत एका फटक्यात पास.

त्यांच्या सोबतीला दोघी कात्रजला निघाल्या. स्वारगेटपर्यंत सगळं झकास. पुढे लक्ष्मीनारायणच्या चौकात हॉर्नचा असा काही कालवा झाला, की स्पीकरवरचं काही ऐकू येईना. ‘मॅडम, काय म्हणालात? मॅडम!’ पद्मजाताईंचा आवाज चढला. चंद्रभागाने फोन उचलून कानाला लावला. ‘मी आहे, मी आहे, क्लच दाबा,’ एवढं बोलली, आणि समोर वाहतूक पोलीस हात आडवा करून उभा.

‘ओव्हाळ मॅडम ना? आमच्या मिसेसला तुम्हीच शिकवलंत,’ तो हसून म्हणाला. मग हसू आवरून म्हणाला, ‘लायसन्स द्या.’

चंद्रभागाला त्याचा राग आला नाही. राग यायला फुरसतच नव्हती, कारण फोन कट झाला होता आणि मागे चौकाच्या ऐन मध्यावर पद्मजाताईंची गाडी बंद पडली होती. तिने वळून पाहिलं. गाडीच्या चारी बाजूंनी हॉर्न, एका टेम्पोवाल्याने तर खिडकीतून डोकं काढून आजीबाईंना घरी बसायचा सल्ला दिला. पद्मजाताई स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसून होत्या. फोनकडे बघत होत्या. मग त्यांनी दार उघडलं, डब्याची पिशवी उचलली, किल्ली धावत आलेल्या पोलिसाच्या हातात ठेवली आणि रिक्षाला हात केला. चंद्रभागा रस्ता ओलांडून पोहोचेपर्यंत रिक्षा निघून गेली होती.

आरटीओत रीतसर सुनावणी झाली. साहेबांनी विचारलं, ‘काही सांगायचंय?’

‘फोन कानाला होता,’ चंद्रभागा म्हणाली. ‘बाकी सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते सांगून फोन कानावरून खाली येत नाही.’

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि आदेश लिहिला. डिसेंबर ते फेब्रुवारी, तीन महिने लायसन्स निलंबित. परत हवं तर आधी दोन दिवसांचा उजळणी वर्ग करायचा आणि प्रमाणपत्र आणायचं.

घरी येऊन तिने नवऱ्याला पाटी लिहायला बसवलं. बुद्धभूषण जिल्हा परिषदेत वरिष्ठ लिपिक, अक्षर छापल्यासारखं. तिने मजकूर सांगितला: ‘शाळा तीन महिने बंद. कारण: शिक्षिकेची चूक.’

बुद्धभूषणने पेन खाली ठेवलं. ‘अगं चंदा, दुरुस्तीसाठी बंद असं लिहू की. लोक काय म्हणतील?’

‘अहो, लोक चौकशी करायला आत येतील, मग प्रत्येकाला तीच कथा सांगत बसू का? पाटी वाचतील, परस्पर जातील.’

पाटी लागली. लोकांनी वाचली, फोटो काढले, एकमेकांना पाठवले, आणि परस्पर गेले. चंद्रभागाने शाळेच्या गाडीवर कव्हर घातलं आणि मान ताठ ठेवून तीन महिने बसने हिंडली. लायसन्स जाण्याचं तिला दुःख नव्हतं असं नाही. पण ते परत येणारच होतं. पोटात खुपत होती ती पद्मजाताईंची रिक्षात बसलेली पाठ. चार वेळा फोन केला, चारही वेळा त्यांनी गोड बोलून ठेवून दिला.

मग फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचाच फोन आला.

‘मॅडम, गाडी चालली आमची. यांनी गिऱ्हाईक ठरवलंय, हिंजवडीचा कुणी इंजिनिअर. पंधरा मार्चला, रविवारी, अकरा वाजता बघायला येतोय. म्हटलं तुम्हाला सांगावं.’

‘आणि तुमचं काय म्हणणं?’

‘माझं काय म्हणणं असणार? हे म्हणतात, उभ्या गाडीची किती दिवस पूजा करायची. बरोबरच आहे त्यांचं.’

‘पद्मजाताई, तुमचं म्हणणं विचारलं मी, त्यांचं नाही.’

मग गणिताच्या बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. ‘मला चालवायचीये हो. पण माझ्या गाडीत नुसती बसले तरी हात कापतात. दुसऱ्या कुणाकडे शिकायला जाणार नाही मी. आणि शाळेच्या गाडीत असतो तसा दुसरा ब्रेक तुमच्या पायाखाली असल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावणार नाही.’

‘गिऱ्हाईक दारात यायच्या आत तुम्ही एकट्या कात्रजला जाल,’ चंद्रभागा म्हणाली. ‘ही ओव्हाळची गॅरंटी.’

लायसन्स खिशात नाही, गाडीवर धूळ, आणि बाई गॅरंटी देऊन मोकळी!

उजळणी वर्ग त्याच आठवड्यात होता. हॉलमध्ये पंचेचाळीस पुरुष आणि एक चंद्रभागा. ट्रकवाले, सिग्नल तोडलेली कॉलेजची पोरं, पिऊन चालवताना सापडलेले दोन सभ्य गृहस्थ. ती सरळ पहिल्या बाकावर जाऊन बसली, वही काढली. आपण काही इथे शिकायला आलेलो नाही, प्रमाणपत्र न्यायला आलोय, असा चेहरा. तेवढ्यात शिकवणाऱ्या बाई आत आल्या आणि दारातच थबकल्या.

‘मॅडम? तुम्ही?’

निकिता साळवे. दहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. चंद्रभागाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपली विद्यार्थिनी आता आपलीच शिक्षिका! दिवसभर ती निकिताच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिली. दुसऱ्या दिवशी निकिताने फोनचा धडा घेतला. हात मोकळे असले तरी डोकं फोनमध्येच असतं, स्पीकर लावल्याने ते सुटत नाही, असं तिने आकडे देऊन सांगितलं. चंद्रभागाने हात वर केला.

‘शिकवण्यासाठी असेल तर?’

‘तरीही,’ निकिता म्हणाली.

चहाच्या सुट्टीत चंद्रभागाने तिला गाठलं. ‘असं कसं तरीही? तुला कात्रजच्या घाटात मीच सोबत केली ना? चढावर गाडी मागे सरकत होती तुझी, रडायला आली होतीस.’

निकिता कप हातात फिरवत राहिली. ‘मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू?’

‘रागावणारे. सांग.’

‘त्यानंतर दोन वर्षं मी गाडी काढायच्या आधी तुम्हाला फोन करायचे. आठवतं?’

‘आठवतं की. किती बरं वाटायचं मला.’

‘मला नाही वाटायचं,’ निकिता म्हणाली. ‘एकदा घाट उतरल्यावर माझा मोबाईल बंद पडला. चार्जिंग संपलं. गाडी ठणठणीत, रस्ता मोकळा, आणि मी बाजूला घेऊन दीड तास बसून राहिले. शेवटी एका धाब्यावरून नवऱ्याला फोन केला, तो बसने आला आणि मला घेऊन गेला. तुमचा आवाज नसला की मला गाडीच येत नव्हती. आमच्या बॅचच्या तिघींचं असंच झालं. दोघींनी तर सोडूनच दिली गाडी.’

‘मग कुणी मला सांगितलं का नाही?’

‘तुम्हाला कोण सांगणार, मॅडम? तुम्ही इतक्या जीव तोडून करायचात.’

चंद्रभागाने चहा तसाच ठेवला. एरवी तिला कुणी चूक दाखवली तर ती दोन चुका त्याच्या पदरात घालून यायची. आज तिने उरलेला वर्ग संपवला, प्रमाणपत्र घेतलं आणि बस पकडली. बसमध्ये खिडकीपाशी बसून ती बिबवेवाडीपर्यंत रडली, आणि उतरायच्या आधी पदराने तोंड पुसून घेतलं. पोलिसाने एक लायसन्स काढून घेतलं होतं. आपण किती जणींची लायसन्सं घरातल्या कपाटात पाडून ठेवली, हे तिला मोजता येईना.

मार्चचा पहिला सोमवार. प्रमाणपत्र दाखवलं, खिडकीतल्या बाईंनी आदेशाची मुदत तपासली, सही घेतली आणि लायसन्स परत दिलं. सगळं वीस मिनिटांत. चंद्रभागाने तिथूनच विमा एजंटला, चेतनला, फोन लावला.

‘चेतन, उद्यापासून गाडी काढतेय.’

‘काढू नका!’ चेतन ओरडलाच. ‘मॅडम, पॉलिसी जानेवारीत संपली. मी तीन मेसेज टाकले होते.’

टाकले होते, आणि तिने ते वाचलेही होते. उभ्या गाडीला कसला विमा, लायसन्स आलं की भरू, असा तिने तेव्हा निकाल लावला होता. आता चेतनने कपाळाला हात लावून समजावलं. मध्ये खंड पडला, म्हणजे कंपनीचा माणूस येऊन आधी गाडी तपासणार. त्यात ही शिकवणीची गाडी, दोन ब्रेकची, म्हणजे हप्ताही चढा. नव्वद दिवसांच्या आत आलात म्हणून निदान क्लेम न केल्याचा जुना बोनस तरी वाचला. आणि पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा नाही.

मंगळवारी चेतन कंपनीचा तपासनीस समाधान याला घेऊन घरी आला. चारी बाजूंनी फोटो, इंजिनाचा नंबर, किलोमीटरचा आकडा, दोन्ही ब्रेक. गाडीवर ओरखडा नाही. मग चेतनने अर्ज पुढे केला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गेल्या तीन वर्षांत चालकाचं लायसन्स कधी निलंबित झालं आहे का?

‘इथे “नाही” लिहा,’ तो हळूच म्हणाला. ‘“हो” लिहिलंत तर अर्ज वरच्या ऑफिसला जातो. चार दिवस, आठ दिवस, कुणी सांगावं? “नाही” लिहिलंत तर संध्याकाळी पॉलिसी मोबाईलवर.’

आज मंगळवार. संध्याकाळी पॉलिसी आली तर उद्यापासून पद्मजाताईंना अकरा दिवस मिळतात. अर्ज आठ दिवस वर अडकला, तर तीनच. चंद्रभागाने पेन धरून बराच वेळ त्या चौकटीकडे पाहिलं. खोटं लिहायचा मोह तिला झाला, चांगला सणसणीत झाला. पण उद्या शेजारी शिकणारी बाई बसलेली असताना कुणी येऊन धडकलं, आणि या एका शब्दावर कंपनीने हात वर केले, तर? मी आहे, मी आहे, म्हणत एकदा एका बाईला चौकात सोडून झालं होतं.

तिने ‘हो’ लिहिलं. वर कागद जोडले: निलंबनाचा आदेश, वर्गाचं प्रमाणपत्र.

बुधवार गेला. गुरुवारी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. ‘मॅडम, तुमच्या अर्जात “हो” आहे. चुकून टिक झालं का?’

‘नाही, शुद्धीवर असताना केलंय.’

‘म्हणजे असं सहसा कुणी लिहीत नाही,’ ती मुलगी गोंधळली. ‘साहेब विचारतायत, कारण काय होतं, आणि आता काय बदललंय?’

‘विद्यार्थिनीला फोनवरून शिकवत होते. आता ते कायमचं बंद. साहेबांना म्हणावं, लेखी हवं असेल तर लेखी देते.’

लेखी दिलं. शनिवारी दुपारी पॉलिसी आली, हप्ता थोडा वाढवून. बुद्धभूषणने स्वतःच्या हाताने पाटी काढली आणि चंद्रभागाने पद्मजाताईंना कळवलं, सोमवारी सकाळी सात वाजता. हातात होते सहा दिवस.

सोमवारी चंद्रभागा गाडीत बसली ती तोंडात लवंग धरून. तोंड मिटून ठेवायला तिला काहीतरी लागणारच होतं. गाडी निघाली, पहिल्या सिग्नलला बंद पडली, पुन्हा निघाली. लवंग चघळण्यापलीकडे मॅडमचा आवाज नाही.

‘मॅडम, बोलत का नाही? रागावलात?’

‘नाही. तुम्ही बोला. काय करताय ते मोठ्याने म्हणत राहा.’

‘मी? मला येत असतं तर तुम्हाला कशाला—’ पद्मजाताई थांबल्या. समोर हिरवा लागला होता. ‘क्लच. पहिला. आरशात बघितलं. मागे पोरगा आहे स्कूटरवर. हळूहळू सोडला.’ गाडी गुळगुळीत निघाली.

दुसऱ्या दिवशी त्या आपणहून बोलू लागल्या. तिसऱ्या दिवशी मार्केट यार्डाच्या गर्दीत त्यांनी एका हातगाडीला वाट दिली आणि वर तिला दोन शब्द सुनावलेही. चौथ्या दिवशी लक्ष्मीनारायणचा चौक आला. पद्मजाताईंचे हात पांढरे पडले. चंद्रभागाच्या जिभेच्या टोकावर ‘मी आहे’ येऊन बसलं होतं. तिने लवंग कचकन चावली आणि शब्द गिळला. गाडी चौकात बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले.

‘आता?’ पद्मजाताईंनी विचारलं.

चंद्रभागा खिडकीबाहेर बघत राहिली.

‘बरं,’ पद्मजाताई म्हणाल्या, चांगल्याच चिडून. ‘वाजवा रे, वाजवा. हॉर्न वाजवून इंजिन सुरू होत असतं तर किल्ली कशाला लागली असती? न्यूट्रल. स्टार्ट. क्लच. पहिला.’ चौक मागे पडला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘तीस वर्षं शिकवलं, पण पेपरच्या वेळी कुठल्या मुलीच्या शेजारी उभी राहून मी पायऱ्या सांगितल्या नाहीत. मग तुमच्याकडून का मागत होते मी?’

‘मागत नव्हतात. मीच देत होते. माझं चुकलं, पद्मजाताई.’

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही, पण मान हलवली.

शनिवारी, कात्रजच्या अलीकडच्या चढावर, पद्मजाताईंनी सहज डावीकडे पाहिलं तर मॅडम सीटवर पट्टा लावून चक्क मांडी घालून बसलेल्या. पाय वर, खालच्या ब्रेकपाशी कुणी नाही.

‘अहो, ब्रेक!’

‘तुमच्यापाशी आहे की एक. कधीपासून अशीच बसलेय मी.’

रविवारी सकाळी साडेनऊला पद्मजाताईंनी स्वतःची गाडी काढली. डब्याची पिशवी मागच्या सीटवर. ‘तुम्ही पुढे येणार ना गाडी घेऊन?’ त्यांनी शेवटचं विचारून पाहिलं.

‘नाही. मी इथेच बसते खांबेटेसाहेबांशी वाद घालत.’

दिगंबररावांनी गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत डोळे बारीक करून पाहिलं. मग खुर्चीत बसले. ‘गिऱ्हाईक अकराला येणारे. गाडी पुसून ठेवली होती मी. आता ती परत येईल तेव्हा पुसलेली असेल की चेपलेली, हे तुमच्या शाळेच्या लौकिकावर अवलंबून.’

‘माझ्या नाही. त्यांच्या.’

‘वा! जबाबदारी झटकायची नवी पद्धत दिसतेय.’

चंद्रभागाच्या डोळ्यांसमोर रस्ता चालू होता. आता स्वारगेट. आता चौक. दहा वाजले. दहा वाजून पाच. दहा वाजून बारा मिनिटांनी तिच्या हातातला फोन वाजला. पद्मजाताई खांबेटे.

दिगंबरराव ताडकन उठले. ‘तिचाच ना? उचला!’

चौकात अडकली असेल. रडत असेल. कुणाला लागलं तर नसेल? अंगठा हिरव्या खुणेवर जाऊन थांबला. उचलला आणि ती गाडीत असली, तर आज ती पोहोचेल, आणि पुन्हा कधीच एकटी पोहोचणार नाही. निकिता दीड तास रस्त्याच्या कडेला बसली होती. फोन वाजून वाजून बंद झाला. लगेच दुसऱ्यांदा वाजला.

‘दगड आहात का हो तुम्ही?’ दिगंबररावांचा आवाज फुटला. ‘त्रेसष्ट वर्षांची बाई आहे ती! एकटी आहे!’

‘एकटीच जायला निघाल्यात त्या,’ चंद्रभागा म्हणाली. फोन तिने मांडीवर पालथा घातला आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरला.

तोही वाजायचा थांबला. मग दिगंबररावांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, बोट दोनदा चुकलं, आणि अखेर उचलून स्पीकरवर टाकला.

‘कुठे आहेस?’

‘कुठे असणार? ताईकडे!’ पद्मजाताईंचा आवाज खणखणीत. ‘गाडी लावली, हँडब्रेक ओढला, लिफ्टने वर आले, चहा समोर आल्यावर मग ओव्हाळ मॅडमना फोन केला. उचलत का नाहीत त्या? झोपल्यात का?’

चंद्रभागाने पदर तोंडाला लावला. हसू आलं का रडू, तिचं तिलाच कळेना, दोन्ही बरोबरच आलं. दिगंबरराव एवढंच म्हणाले, ‘येताना सावकाश ये. घाई नाही.’ त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

पावणेअकराला बेल वाजली. दारात हिंजवडीचा तरुण, सुदर्शन, हातात हेल्मेट. ‘काका, जरा लवकरच आलो. खाली पार्किंगमध्ये गाडी दिसली नाही?’

‘दिसणार नाही. कात्रजला गेलीय, आता परतीच्या वाटेवर असेल,’ दिगंबरराव म्हणाले. ‘आणि विकायची नाहीये.’

‘अहो पण काका, आपलं ठरलं होतं! एकदा काकूंना फोन करून विचारा तरी.’

‘विचारलं असतं,’ दिगंबरराव ताठ उभे राहून म्हणाले, ‘पण आमची बायको गाडी चालवताना फोन उचलत नाही.’